दक्षिणेची गाडी उत्तरेला

सुनदक आत्या सोलच्या उत्तरेकडच्या उईजंगबूहून बसने आली आणि ग्वांगहो काका बुसानजवळच्या गिमहेहून आपला थंड पेटीचा ट्रक घेऊन आले. दोघं एकाच वेळी फाटकाशी पोचली. आता आधी आत कोणी यायचं, यावरून दोघंही बाहेरच थबकली. शेवटी हेरिमच्या आईनेच पुढे होऊन आत्याच्या हातातली पिशवी घेतली आणि काकांना ट्रक कोठाराशी लावायला सांगितलं, तेव्हा कुठे ती कोंडी फुटली.

आजी गेल्यावर काकांनी आपल्या वाटणीचं समुद्राकडचं शेत विकून गिमहेला शीतगोदाम घातलं. तेव्हापासून आत्या त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण तिसऱ्या माणसामार्फत. त्या दिवशीही अंगणात ताडपत्रीवर सगळे किमची, म्हणजे वर्षभराचं कोबीचं लोणचं, घालायला बसले, तेव्हा मसाल्याच्या लाल टोपाच्या एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला काका होते. मध्ये बसलेल्या आईला आत्या म्हणाली, "वहिनी, त्याला सांगा, पानं फाडू नकोस. बाहेरून आत मसाला लाव." काका म्हणाले, "वहिनी, तिला सांगा, ती लग्न करून गेली तेव्हापासून मी हेच करतोय." आई कोणालाच काही सांगत नव्हती. दोघांचं ऐकून घेऊन ती हसत मुळ्याचा कीस मसाल्यात कालवत होती.

घरातल्या सगळ्यांच्या वर्षाच्या किमचीचा हा दिवस. चुलीवर आलं घातलेलं डुकराचं मांस रटरटत होतं आणि ताजी किमची तयार झाली की पहिलं पान त्या मांसावर गुंडाळून खायचं, म्हणून हेरिमचा भाऊ दोसोक सकाळपासून उपाशी होता. ऊन पडलं होतं, पण वारा बोचरा होता.

हेरिम मात्र ताडपत्रीवर बसली नव्हती. ती कोठार आणि अंगण यांच्यामध्ये फोन हातात घेऊन फिरत होती, कारण तिचं दुकान फोनमध्ये होतं आणि वर्षातले हेच काही आठवडे ते दुकान खऱ्या अर्थाने चालायचं. सोलची नोकरी सोडून ती देशाच्या दक्षिण टोकाला, हेनामला परत आली, तेव्हा मोक घराण्याचा कोबी दलाल उभ्या शेतातून उचलून नेत असत. हेरिमने ते बंद केलं. कोबी कापायचा, चिरून मिठाच्या पाण्याच्या हौदांत रात्रभर खारवायचा, धुऊन निथळायचा आणि खोक्यात भरून थेट गिऱ्हाइकाच्या दाराशी पोचवायचा. शहरातल्या बायकांचं सगळ्यात किचकट काम परस्पर होत होतं, मग त्या का नाही घेणार? पहिल्या वर्षी बाबांनी तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या वर्षी ते शेजाऱ्यांना 'आमचं दुकान' म्हणू लागले.

पण खारवलेला कोबी काही गोदामात रचून ठेवता येत नाही, दोन दिवसांत वापरावाच लागतो. म्हणून हेरिम सप्टेंबरअखेरपासून आगाऊ नोंदणी घ्यायची. गिऱ्हाईक आपला दिवस निवडायचं आणि हौदांत एका वेळी जेवढा माल मावेल तेवढ्याच ऑर्डरी ती त्या दिवसासाठी घ्यायची. शिवाय थंडी उत्तरेकडून खाली उतरते. सोलकडच्या बायका नोव्हेंबरात किमची घालतात, बुसानकडच्या डिसेंबरात. म्हणून तिने साठ्याचे दोन भाग केले होते, उत्तर आणि दक्षिण. एका भागातला माल दुसऱ्याला द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. भाग संपला की दुकानातलं ऑर्डरचं बटण विझायचं, मग समोर सख्खी आत्या का असेना.

हा आठवडा उत्तरेचा शेवटचा आणि दक्षिणेचा पहिला होता. उत्तरेचा ट्रक सकाळीच भरून गेला होता. दक्षिणेची नव्वद खोकी कोठारात रचून ठेवली होती. जेवण झाल्यावर काका ती गिमहेला घेऊन जाणार होते आणि तिथून उद्या ती घरोघर जाणार होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि त्यामुळे हेरिम जरा खुशीत होती.

तेवढ्यात आत्याने विषय काढला. उत्तरेत एकाएकी कडाका पडलाय, पुढच्या आठवड्यात पाणी गोठेल म्हणतात, त्यामुळे तिच्या इमारतीतल्या बायकांना आत्ताच कोबी हवाय. तिने त्यांना शब्द दिलाय. फार नाही, चार-पाच खोकी. भाचीचं दुकान असल्यावर एवढं तर होईलच.

हेरिम म्हणाली, "आत्या, उत्तरेचं मंगळवारीच संपलं."

"अगं, ते परक्यांसाठी संपलं."

दोसोकला हा मुहूर्त बरा वाटला असावा. त्याने खाली बघत सांगितलं की वोनजूच्या, म्हणजे उत्तरेतल्याच, एका मित्रालाही त्याने दोन खोकी कबूल केली आहेत. हेरिमने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो लगेच म्हणाला की एकावरही भागेल.

या सगळ्यात बाबा गप्प होते. मोक ग्वांगपिल हा माणूस किमची घालताना गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मीठ कमी आहे, मुळा जाड किसलाय, आमच्या आईच्या हातचं असं नव्हतं, असं त्यांचं अखंड चालू असायचं. आज ते खाली मान घालून एकाच कोबीला केव्हापासून मसाला लावत होते. हेरिमला ते खटकलं, पण त्याचा अर्थ लावायच्या आत त्यांच्या छातीवरच्या खिशात फोन वाजू लागला.

त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. वाजू दे म्हणाले. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. हेरिमचे हात कोरडे होते. तिने तो काढला, आवाज मोठा केला आणि बाबांच्या तोंडाजवळ धरला.

सोलच्याही उत्तरेला असलेल्या पोचनच्या चर्चमधल्या महिला मंडळाच्या बाई होत्या. गोड आवाजात त्यांनी आधी सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाल्या, उद्या सकाळी सगळ्या बायका जमतायत, सभागृह घेतलंय, मसाला कालवून ठेवलाय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात संध्याकाळपर्यंत किमची पोचवायची आहे. "मोकसाहेब, तेवढी साठ खोकी किती वाजेपर्यंत येतील?"

बाबांनी एकदा हेरिमकडे पाहिलं आणि फोनकडे तोंड करून म्हणाले, "येतील. सकाळीच येतील."

फोन बंद झाला.

हेरिमने साठ हा आकडा मनात घोळवून पाहिला. साठ खोकी म्हणजे जवळजवळ एक हौद. सगळे हौद गुरुवारपर्यंतच्या ऑर्डरींसाठी बांधलेले. आत्ता नवा कोबी कापून खारवायला घातला तरी उद्या सकाळी तो पाण्यातच असणार. ती ओरडली नाही. ओरडावं असं मनात होतं, पण समोर साठीचा बाप अंगभर मसाला माखून शाळकरी पोरासारखा बसला होता.

बाबांनी आपली बाजू मांडली. त्या बाई आजीच्या वेळेपासून माल घेतात. कधी दुकान बघितलं नाही, कधी बटण दाबलं नाही. दर शरद ऋतूत फोन करतात आणि बाबा हो म्हणतात. यंदाही म्हणाले.

हेरिम म्हणाली, "त्यांना बटण दाबता येत नाही, हे कळलं. तुम्हाला मला सांगता येत होतं ना?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"सप्टेंबरात सांगितलं असतं तर हो म्हणाले असते. नाही म्हणते ते तुम्ही आयत्या वेळी सांगता म्हणून."

बाबा पुन्हा त्याच कोबीकडे वळले. उत्तर आत्याकडे होतं. तिने मसाल्याने भरलेलं बोट कोठाराकडे केलं. तिथे नव्वद खोकी तयार पडली आहेत, धुतलेली, निथळलेली. साठ पोचनला पाठवा, पाच तिच्या बायकांना, एक दोसोकच्या मित्राला. बुसानला अजून लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत, त्यांना कसली घाई? बोलता बोलता तिने सगळं वाटूनही टाकलं.

दोसोकने लगेच मान डोलावली. बाबांच्या चेहऱ्यावर जीव आला. आईसुद्धा हळूच म्हणाली की म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न आहे. बघता बघता सगळं घर उत्तरेच्या बाजूला गेलं.

काकांनी हातातला कोबी खाली ठेवला. "वहिनी, तिला सांगा, ती खोकी बेवारशी नाहीत. प्रत्येकावर नाव आहे. माझी माणसं उद्या दारात वाट बघणार आणि मी त्यांना काय सांगू? उत्तरेकडच्यांना थंडी वाजली म्हणून तुमचं ताट उचललं?"

"वहिनी, त्याला सांगा, शेत विकताना एवढा विचार केला असता तर..."

"आत्या," हेरिम म्हणाली, "काकांचं बरोबर आहे."

असं या अंगणात आजवर कधी घडलं नव्हतं. शेत विकल्यापासून या घरात काकांचं बरोबर आहे असं कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. खुद्द काकाही चपापले. हेरिम पुढे म्हणाली की ती खोकी तिची नाहीत, काकांची नाहीत आणि आत्याची तर नाहीतच. लोकांनी दोन महिने आधी दिवस निवडून ती आपली करून ठेवली आहेत. आपण त्यांना न विचारता एक जरी खोकं उचललं, तर पुढच्या वर्षी आपल्याकडे आगाऊ नोंदणी कोण करील?

"मग त्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता बचाव नव्हता, नुसती काळजी होती.

आईने घरासाठी ठेवलेल्या कोबीचा ढीग नजरेने मोजला. दोसोकच्या बिऱ्हाडासकट चार घरांचा माल होता, पण अर्ध्याला मसाला लागून गेलेला. तो सगळा दिला तरी साठाच्या जवळपास जात नव्हता.

मग काका हातमोज्यांतली बोटं चाळवत म्हणाले, अगदी सावकाश, जणू त्यांचं त्यांनाच सुचत होतं, की सकाळी निघताना त्यांची बायको ओसरीत अर्ध्या बाह्यांतच बसली होती. गिमहेला खरंच ऊन आहे. अशा उबेत किमची घातली तर आठवड्यात आंबून जाते. पहिल्या आठवड्यातल्या काही लोकांनी त्यांना फोन करून विचारलंही होतं की दिवस पुढे ढकलता येईल का, आणि त्यांनीच हेरिमचा नियम सांगून नाही म्हटलं होतं.

"ढकलता येत नाही, कारण कापलेला माल ठेवता येत नाही," हेरिम म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती थांबली. "पण कापलेला माल कोणी आज घेणारं असेल, तर दिवस ढकलणाऱ्यांसाठी पुन्हा नवा कापता येईल. शेतात कोबी आहे. हौद गुरुवारी रिकामे होतात."

"मग विचारू," काका म्हणाले. "विचारायचं. घ्यायचं नाही."

हेरिम संदेश लिहायला लागली, पण काकांना ते पटेना. संदेश बायका संध्याकाळी वाचतात, तोवर ट्रक कुठे असेल? फोनच करायला हवा, आणि तो त्यांनीच करायला हवा, कारण त्या भागातली माणसं त्यांचा आवाज ओळखतात. त्यांनी मोजे काढायला सुरुवात केली. मसाला मनगटांवरून आत उतरला होता, मोजे काही निघेनात.

आत्या उठली. नळाखाली हात धुतले, ते सरळ विजारीला पुसले, आणि टोपाला वळसा घालून येऊन काकांच्या शेजारी बसली. त्यांच्या खिशातून फोन काढला.

"ग्वांगहो," ती म्हणाली, "नंबर मी लावते. तू बोल."

आईने मुळा कालवायचा थांबवला. काकांनी क्षणभर बहिणीकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "चिन्हे गावच्या बाईंपासून सुरू कर, ताई. त्या स्वभावाने बऱ्या आहेत."

चिन्हेच्या बाई खरोखरच बऱ्या होत्या. त्यांची मुलगी पुढच्याच आठवड्यात यायची होती, तेव्हा त्यांना आनंदच झाला. चांगवोनचे एक निवृत्त मुख्याध्यापक तयार झाले, पण बदल्यात कोबीचे गड्डे मोठे हवेत म्हणाले. हेरिमने शेजारून मान हलवली. एका नव्या नवरीला किमची घालता येत नव्हती आणि उद्याच्या विचाराने तिला झोप लागत नव्हती. आठवडाभर सुटका मिळाली म्हणून तिने काकांचेच आभार मानले. बुसानमधल्या एका खानावळीच्या मालकिणीने मात्र काकांना चांगलंच फैलावर घेतलं. तिच्या लेकी सुट्टी काढून आल्या होत्या आणि तिला उद्याच माल हवा होता, ठरलाय तेव्हा. काका म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे, उद्या पोचेल. तिचं नाव असलेलं खोकं दोसोकने वेगळं काढून ठेवलं.

फोनमागून फोन झाले. आधी आत्या नुसते नंबर लावत होती. मग ती मधूनच कुजबुजू लागली की असं नको सांगूस, तसं सांग. मग एका आढेवेढे घेणाऱ्या बाईच्या वेळी तिने फोन सरळ आपल्या कानाला लावला आणि म्हणाली, "मी यांची थोरली बहीण बोलते." पलीकडच्या बाईशी तिचं इतकं जमलं की गुडघेदुखीपासून सुनांपर्यंत बोलणं झालं आणि शेवटी त्या बाईने दोन्ही खोकी दिली. काका बघत राहिले.

"माझ्या गिऱ्हाइकाशी तू एवढं बोलतेस," ते म्हणाले, "आणि माझ्याशी..."

"तुझे गुडघे दुखत नाहीत," आत्या म्हणाली.

शेवटची थोडी खोकी काही केल्या जमेनात. आईने मसाला न लागलेल्या ढिगातला थोडा कोबी पुढे सरकवला. आत्याने आपल्या इमारतीतल्या एका बाईला फोन लावून सांगितलं की यंदा माल नाही, शब्द मागे घेते. तिकडून काय ऐकावं लागलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, नुसतं कान चोळला. दोसोकने मित्राला काही कळवलंच नाही, पण खोकंही मागितलं नाही. आणि साठ भरली.

आता ती पोचनला न्यायची कोणी? उत्तरेचा ट्रक सकाळीच गेलेला. काकांचा होता, पण त्यांनी सोलच्या पुढचा रस्ता आयुष्यात पाहिला नव्हता. ते म्हणाले, फोन दाखवेल रस्ता. आत्या म्हणाली, फोन दाखवतो तो तिथला पूल बंद आहे. तू गाडी चालव, मी रस्ता सांगते, नाहीतरी मला घरीच जायचंय.

उरलेली दक्षिणेची खोकी दोसोकने आपल्या छोट्या ट्रकवर चढवली. तो ती गिमहेला काकूंकडे पोचवून येणार होता. निघण्यापूर्वी सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाऊन घेतलं. ताजी किमची, गरम मांस, वर समुद्रातलं एक-एक कालव. दोसोक एवढा जेवला की बाबांनी त्याला गाडी चालवता येईल ना असं विचारलं. काकांनी तांदळाच्या दारूकडे पाहिलं आणि आत्याने वाडगा उचलून आत ठेवून दिला.

दोन्ही ट्रक फाटकातून बाहेर पडले, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मोठ्या ट्रकच्या खिडकीतून आत्याचा हात बाहेर आलेला दिसला. ती निरोप देत नव्हती, काकांना वळण दाखवत होती.

अंगणात तिघंच उरली. समोर चार घरांच्या किमचीचा उरलेला ढीग, मसाल्याने भरलेला टोप, आणि हात फक्त तिघांचे. बाबा काही वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातमोजे वर ओढले, बूड टेकवलं आणि पहिला कोबी मांडीवर घेतला. या वेळी मीठ कमी आहे असं ते म्हणाले नाहीत.

हेरिमही हातमोजे घालून समोर बसली. दोन-तीन कोबी भरून झाले. मग तिनेच सांगितलं की पुढच्या वर्षी साठ्याचे तीन भाग करणार आहे. उत्तर, दक्षिण आणि तिसरा फोनवरच्यांचा. तो बाबांनी सांभाळायचा. सप्टेंबरात त्यांचा आकडा त्यांनीच सांगायचा. तेवढी खोकी त्यांची, कोणाला द्यायची, कशी द्यायची, ती विचारणार नाही.

बाबांनी मसाला पानांच्या पोटात नीट दाबून बसवला. "शंभर," ते म्हणाले.

"ऐंशी."

"नव्वद. चर्चच्या बायका वाढल्यात."

"ऐंशी, बाबा."

"आणि ती संपल्यावर कोणाचा फोन आला तर?"

"तर आईने उचलायचा."

आई म्हणाली की ती तर लगेच हो म्हणेल, तिला नाही म्हणताच येत नाही. त्यावर बाबा हसले, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि हसताना त्यांच्या नाकाला मसाला लागला. हेरिमने कोपराने तो पुसायचा प्रयत्न केला आणि तिचाही गाल लाल झाला.

ऊन उतरायला आलं तेव्हा हेरिमचा फोन वाजला. आत्या होती. हमरस्त्यावर चहापाण्याला थांबलेत म्हणाली, खोकी थंड आहेत, ग्वांगहो गाडी फार हळू चालवतो. आणि एक सांगायचं राहिलं. ट्रकवरचं कोबीचं चित्र बघून एक बाई विचारायला आली. बरीच मोठी ऑर्डर आहे. तिला पुढच्या महिन्यातला दिवस द्यायचा, असं आत्याने ठरवून टाकलंय.

हेरिमने डोळे मिटले. मग विचारलं, "आत्या, बाई राहते कुठे? उत्तरेत घालू की दक्षिणेत?"

"देजॉनला."

देजॉन म्हणजे देशाच्या बरोबर मधोमध. हेरिम काही म्हणायच्या आत पलीकडून काकांचा आवाज आला, की देजॉन म्हणजे दक्षिणच, त्यात विचारायचं काय. आत्या म्हणाली, कोणत्या शाळेत शिकलास? तिथे सोलसारखी थंडी पडते, ते उत्तरेत जाणार. काका म्हणाले, तुला थंडीतलं काय कळतं, बाई आपल्या ट्रकपाशी आली आणि ट्रक दक्षिणेचा आहे. आत्या म्हणाली, ट्रक तुझा असेल, पण बाईशी बोलले मी. फोन चालू आहे हे दोघंही विसरली होती.

हेरिमने फोन अलगद ताडपत्रीवर ठेवला, मसाल्यापासून जरा लांब, आणि आवाज मोठा केला. बाबांनी हातातला कोबी गुंडाळून डब्यात ठेवला, पुढचा घेतला, आणि आईने टोप त्यांच्याजवळ सरकवला. मग तिघंही मसाला लावत ऐकत बसली.